जुन्या हेरकथांच्या नव्या आवृत्तीसाठी रेट्रो मुखपृष्ठ: कोरी पाटी ते छपाईची फाईल

गुप्तहेर कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांची रेट्रो मुखपृष्ठं बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतात. काम शेवटच्या पायरीपासून सुरू होतं. आधी चुरगळलेल्या कागदाचं टेक्स्चर उतरवलं जातं, मग 'व्हिंटेज' नावाचा फॉन्ट येतो, मग हॅट आणि लांब कोट घातलेली काळी आकृती. कथेत काय आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि तोवर मुखपृष्ठ तयार झालेलं असतं.

१९५० आणि १९६०च्या दशकांतली मुखपृष्ठं तशी दिसायची, कारण ती अडचणीत घडायची. दोन-तीन शाया, एक-दोन टाइप, ठरलेली चौकट आणि कात्री-गोंदाने जुळवलेलं चित्र एवढ्यावर भागवावं लागायचं. त्या अडचणी स्वतःवर आधी लादून घ्या, मग त्या काळाचं रूप ओढूनताणून आणावं लागत नाही. खालचा क्रम त्यासाठीच आहे. तो उलटा करू नका.

## १. हक्कांचा निकाल आधी लावा

कादंबरी छापायचा हक्क मिळाला म्हणजे तिच्या पहिल्या आवृत्तीचं चित्रही मिळालं, असं नसतं. मजकूर, चित्र आणि छायाचित्र यांचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. रेखाटन सुरू करण्याआधी प्रकाशकाकडून या गोष्टी लेखी घ्या:

- जुनं चित्र किंवा छायाचित्र वापरायचं असेल तर त्याची परवानगी.
- लेखकाच्या वारसांना मुखपृष्ठ दाखवून मंजुरी घ्यावी लागते का, आणि कोणत्या टप्प्यावर.
- फॉन्टचा परवाना छपाई आणि ई-बुक या दोन्हींसाठी चालतो का.

सावधान: कादंबरीवर चित्रपट निघाला असेल तर त्यातल्या नटाच्या चेहऱ्याशी मिळतंजुळतं चित्र काढू नका. बंदुकीच्या नळीतून दिसणारी माणसाची आकृतीही टाळा. ती एका चित्रपटमालिकेची ओळख झालेली आहे आणि वाद ओढवून घ्यायला तेवढंच पुरतं.

## २. कादंबरी वाचा आणि वस्तू टिपा

ही पायरी सर्रास गाळली जाते आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक पायरीवर मोजावी लागते. गोषवारा वाचून मुखपृष्ठ केलं की बंदूक, नेम धरण्याचं वर्तुळ आणि लाल डाग एवढंच हाती येतं, कारण गोषवाऱ्यात तेवढंच असतं.

वाचताना एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात वस्तू: सांकेतिक आकड्यांचं पॅड, मायक्रोफिल्मचा डबा, सामानघराची पावती, शिक्का मारलेला पासपोर्ट, निरोप ठेवायची सैल वीट. दुसऱ्यात जागा आणि वेळ: कोणतं शहर, कोणतं वर्ष, कोणता ऋतू. तिसऱ्यात ती वस्तू कथेत किती वेळा येते आणि कोणाच्या हातात असते. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की दोन चाळण्या लावा.

पहिली चाळणी रहस्यफोडीची. फितूर कोण, हे ज्या वस्तूवरून कळतं ती कितीही देखणी असली तरी बाद. दुसरी चाळणी रूपाची. ती वस्तू काळ्या कागदातून कात्रीने कापली तर ओळखू येईल का? किल्ली, टेलिफोनचा रिसीव्हर, चष्मा, रेल्वेचं तिकीट हे ओळखू येतात. नकाशा किंवा पत्र नुसत्या आकारावरून ओळखू येत नाही. त्यांना शिक्का, घडी किंवा खूण यांची जोड द्यावी लागते.

उरलेल्या तीन-चार वस्तूंमधून एक निवडा आणि तिला एका दुसऱ्या गोष्टीशी भिडवा. रिसीव्हरची वायर खाली जाता जाता सीमारेषा होते. पासपोर्टच्या शिक्क्याचं वर्तुळ डोळ्यावर बरोबर बसतं. हेरकथा दुहेरी आयुष्यावर चालते, म्हणून एकाच आकारातून दोन गोष्टी दिसणं इथे खुलतं. त्याहून जास्त नको. तिसरी वस्तू आली की चित्राचा कोलाज होतो.

काळ तपासा. बर्लिनची भिंत १९६१ साली उभी राहिली. १९५८ मध्ये घडणाऱ्या कथेच्या मुखपृष्ठावर ती दिसली तर जाणकार वाचक पहिल्याच नजरेत पकडतो. टेलिफोन, मोटार, गणवेश, कॅमेरा यांचं साल असंच पडताळून घ्या. आणि शीर्षकात 'आर'च्या जागी रशियन लिपीतलं उलट्या 'आर'सारखं अक्षर घालू नका. त्याचा उच्चार 'या' असा होतो; रशियन जाणणाऱ्याला ते शीर्षक वाचताच येत नाही.

## ३. माप आणि कण्याची जाडी

रेखाटनाला हात घालण्याआधी छापखान्याकडून पानांची संख्या, आतल्या कागदाचं जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) आणि त्याचा बल्क (वजनाच्या मानाने जाडी) विचारून घ्या. कण्याचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या जाडीचा, हिशोब असा:

पानं भागिले दोन, गुणिले जीएसएम, गुणिले बल्क, भागिले १०००.

उदाहरणार्थ ३२० पानं, ८० जीएसएम, बल्क १.३. एका पत्र्याची (दोन पानांच्या एका कागदाची) जाडी ०.१०४ मिमी, १६० पत्र्यांची १६.६४ मिमी. त्यात मुखपृष्ठाच्या कार्डाच्या दोन जाड्या, साधारण ०.६ मिमी, मिळवा: १७.२ मिमी. पुस्तकाचं माप १२९ बाय १९८ मिमी धरलं तर सपाट फाईल अशी येते: १२९ + १७.२ + १२९ = २७५.२ मिमी रुंद, आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापला जाणारा जास्तीचा भाग) धरून २८१.२ बाय २०४ मिमी.

हा आकडा कामापुरता आहे. शेवटचा आकडा छापखान्याने बांधलेल्या कोऱ्या डमीवरूनच (न छापलेल्या नमुना पुस्तकावरूनच) घ्या. त्याच गठ्ठ्यातल्या कागदाची डमी नसेल तर कण्यात मिलिमीटरभराचा फरक सहज पडतो.

## ४. मर्यादा लिहून काढा

एका ओळीत लिहिता येतील अशा चार मर्यादा ठरवा आणि त्या संपादकाकडून मंजूर करून घ्या. नमुना:

- शाया: काळी आणि एक रंग, कागदाचा रंग तिसरा.
- टाइप: एकच ग्रोटेस्क (टोकांना फराटे नसलेलं) घराणं, दोन वजनं.
- चित्राची रीत: कापलेला कागद किंवा हाफटोन (ठिपक्यांनी बनलेलं) छायाचित्र. दोन्ही एकत्र असतील तर एकच मुख्य.
- चौकट: मालिकेच्या सगळ्या पुस्तकांना तीच.

दशकही इथेच ठरवा. १९४०च्या दशकातल्या रंगवलेल्या चित्राबरोबर १९६०च्या दशकातला घट्ट बसवलेला टाइप आला की मुखपृष्ठ नुसतं 'जुनं' वाटतं, पण कोणत्याच काळाचं वाटत नाही. हेल्व्हेटिका आणि युनिव्हर्स हे दोन्ही टाइप १९५७ सालचे आहेत. युद्धकाळाचा भास हवा असेल तर ते चालणार नाहीत. अक्झिडेन्झ ग्रोटेस्क त्यांच्या कितीतरी आधीचा आहे आणि दोन्ही काळांत शोभतो.

तपासणी: ही चार वाक्यं दुसऱ्या कोणाला वाचून दाखवा. त्याच्या डोळ्यांपुढे ढोबळ चित्र उभं राहत नसेल तर मर्यादा अजून सैल आहेत.

## ५. चौकट आखा, तीही सगळ्यात अवघड शीर्षकावर

१९६१ साली रोमेक मार्बर यांनी पेंग्विनच्या गुन्हेकथांसाठी केलेली मांडणी अभ्यासायला उत्तम आहे: वरच्या साधारण एक-तृतीयांशात आडव्या रेघांनी विभागलेला मजकूर, खाली चित्र. ती जशीच्या तशी उचलू नका. ती एका प्रकाशनाची ओळख आहे. त्यातला विचार घ्या: मजकुराला ठरलेलं घर, चित्राला मोकळं मैदान.

१९८ मिमी उंचीवर सुरुवात अशी करता येईल: वरचे ६६ मिमी मजकुराला, खालचे १३२ चित्राला. ६६ मधले १४ मिमी मालिकेच्या नावाला, ३२ शीर्षकाला, २० लेखकाच्या नावाला. डावीकडे ८ मिमी समास, आणि सगळा मजकूर त्याच रेषेला डावीकडे लावलेला.

मालिकेत सहा पुस्तकं असतील तर चौकट सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड शीर्षकावर आधी तपासा. एका शब्दाचं शीर्षक मोठ्या पट्टीत हरवतं आणि सात शब्दांचं पट्टी फोडून बाहेर येतं. दोन्ही एकाच पॉइंट साइजमध्ये बसली पाहिजेत. प्रत्येक पुस्तकाला वेगळा आकार द्यायला लागलात की मालिका विस्कटते.

## ६. चित्र: कात्री आणि ठिपके

कापलेला कागद. हे खरोखर कागद कापूनच करा. स्क्रीनवर वेक्टरने काढलेली 'कापल्यासारखी' कडा लगेच ओळखू येते, कारण तिच्यातली प्रत्येक वळणं सारखी गुळगुळीत असतात. काळा कागद घ्या, आकार पेन्सिलने न आखता कापा, छपाईच्या दुप्पट मापात. कात्री वळणावर थांबते तिथे बारीक कोन उमटतात. तेच हवे असतात. ६०० पीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या करड्या छटांत, स्कॅन करा. निम्म्या मापात आल्यावर ते १२०० होतात.

हाफटोन. सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो, म्हणून क्रम नीट पाळा.

१. छायाचित्र छपाईच्या अंतिम मापाला आणा, ३०० पीपीआय, ८ बिट ग्रेस्केल. ठिपके केल्यानंतर माप बदलायचं नाही.

२. पार्श्वभूमी कापून काढा. पूर्ण चौकोनी फोटो ठेवला की ठिपके सगळीकडे पसरतात आणि आकार विरघळतो.

३. लेव्हल्समधून कॉन्ट्रास्ट वाढवा. मधल्या करड्या छटा कमी, उजेड ५ टक्क्यांच्या आसपास, गडद भाग ९० पर्यंत. आत्ता चित्र जरा कर्कश वाटलं पाहिजे.

४. फोटोशॉपमध्ये मोड बिटमॅप करा: आउटपुट १२०० पीपीआय, पद्धत हाफटोन स्क्रीन, ठिपका गोल, कोन ४५ अंश. फ्रिक्वेन्सी (इंचाला ठिपक्यांच्या किती ओळी) ३५ ते ४५ लाइन ठेवली तर ठिपके हातातल्या पुस्तकावर स्पष्ट दिसतात; ६५ ला ते वर्तमानपत्राइतके बारीक होतात.

५. फाईल १ बिट (नुसत्या काळ्या-पांढऱ्या) टिफ म्हणून जतन करा, इनडिझाइनमध्ये १०० टक्के मापात ठेवा आणि रंग तिथे द्या.

सावधान: ठिपक्यांना टक्केवारीतला रंग देऊ नका. निळसर (सायन) ७०, मॅजेंटा ४० असा मिश्र रंग दिला की छापखान्याची स्वतःची स्क्रीन (बारीक ठिपक्यांची रचना) तुमच्या ठिपक्यांवर चढते आणि मोआरेची जाळी उमटते. ठिपके स्पॉट शाईत (आधीच मिसळलेल्या एका शाईत) १०० टक्के, किंवा चाररंगी छपाईत नुसत्या १०० टक्के काळ्यात ठेवा. लालच हवा असेल तर मॅजेंटा १०० आणि पिवळा १००.

ऑनलाइन दुकानासाठीचं छोटं चित्र वेगळं बनवा. ठिपक्यांची फाईल थेट लहान केली की पडद्यावर पट्टे दिसतात. त्या आवृत्तीत ठिपके मोठे करा किंवा सरळ ग्रेस्केल चित्र वापरा.

## ७. शीर्षकाची अक्षरं

त्या काळचं शीर्षक घट्ट असायचं. रोमन लिपीत ट्रॅकिंग (अक्षरांमधलं सरसकट अंतर) उणे १० ते उणे २५ च्या दरम्यान ठेवा आणि मग प्रत्येक जोडी हाताने जुळवा. आपोआप कर्निंगवर सोडलं तर मोठ्या मापात भोकं दिसतात.

आजच्या फॉन्टचे कोपरे फार तीक्ष्ण असतात. शाई पसरून आलेला मऊपणा हवा असेल तर शीर्षक आउटलाइन करून १२०० पीपीआय ग्रेस्केलमध्ये आणा, ४ ते ५ पिक्सेल गॉसियन ब्लर द्या आणि लगेच थ्रेशोल्ड १२८ लावा. कोपरे दशांश मिलिमीटरभर गोल होतात. अक्षरं ओरखडलेली दिसत नाहीत, पण कोरडेपणा जातो. हे फक्त १८ पॉइंटच्या वरच्या अक्षरांना करा. बारीक मजकूर वेक्टरच राहू द्या, नाहीतर तो गिजबिजतो.

देवनागरी शीर्षकाला हाच नियम लागू होत नाही. इथे कॅपिटल अक्षरं नसतात, त्यामुळे ठसका वजनातून आणि ओळींच्या जवळिकीतून आणावा लागतो. ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेघ तुटते, फार कमी केलं की काने आणि वेलांट्या एकमेकांवर चढतात. ते शून्यावर ठेवा. दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा कुठे भिडतात ते पाहा. लीडिंग (ओळींमधलं अंतर) सरसकट वाढवण्याऐवजी ओळ दुसऱ्या शब्दावर तोडून बघा, बहुतेकदा तेवढ्यानेच सुटतं. शक्य असेल तर शीर्षक हाताने लिहा: चपट्या ब्रशने, छपाईच्या तिप्पट मापात, शिरोरेघ एका दमात. हाताच्या देवनागरीला जो जोर असतो, तो विकतच्या फॉन्टमध्ये क्वचितच सापडतो.

## ८. रंग आणि ओव्हरप्रिंट

दोन शाया एकमेकींवर चढून तिसरा रंग तयार होतो, तो या शैलीचा प्राण आहे. त्यासाठी दोन्ही शाया वेगळ्या वजनाच्या घ्या: एक हलकी, एक गडद. नारिंगी आणि गडद निळा चढवले तर जवळपास काळा मिळतो, म्हणजे तिसऱ्या शाईची गरजच उरत नाही. दोन्ही मध्यम घेतल्या तर नुसता चिखल होतो.

चाररंगी छपाई असेल तर सुरुवातीला ही टक्केवारीतली मूल्यं घ्या, मग प्रूफवर (छपाईच्या नमुन्यावर) सुधारा:

- लालसर नारिंगी: मॅजेंटा ८०, पिवळा ९५.
- मोहरी: मॅजेंटा ३०, पिवळा ९०, काळा ८.
- गडद निळा-हिरवा: निळसर ९०, मॅजेंटा ४५, पिवळा ४०, काळा २५.
- जुना कागद: निळसर २, मॅजेंटा ४, पिवळा १२.

पुस्तक क्रीम कार्डवर छापलं जाणार असेल तर शेवटचा रंग काढून टाका, नाहीतर पिवळेपणा दुप्पट होतो. मोठा काळा भाग नुसत्या १०० टक्के काळ्याने करडा पडतो. त्याखाली निळसर ४०, मॅजेंटा ३०, पिवळा ३० द्या. बारीक अक्षरं मात्र फक्त काळ्यात, कारण चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी अक्षरांना रंगीत कडा येते.

रजिस्टर (रंग एकमेकांवर नेमके बसणं) मुद्दाम हलवायचं असेल तर चित्रातला रंग ०.३ ते ०.५ मिमी सरकवा, एकाच दिशेने. शीर्षक आणि लेखकाचं नाव जागचं हलवू नका.

सावधान: पांढऱ्या अक्षरांवर ओव्हरप्रिंट (खालची शाई तशीच ठेवून वर छापणं) चालू राहिला तर ती छपाईत नाहीशी होतात. पडद्यावर मात्र नेहमीच्या दृश्यात दिसत राहतात. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करूनच शेवटची नजर टाका आणि सेपरेशन्समधून प्रत्येक प्लेट वेगळी पाहा.

टेक्स्चरचं काय? शक्यतो नकोच. जुनी पुस्तकं छापली गेली त्या दिवशी कोरी करकरीत होती. घड्या, चहाचे डाग आणि फाटके कोपरे वाचकांच्या हातांनी नंतर आणले. नव्या पुस्तकावर ते छापले की पुस्तक खराब झालेलं वाटतं. हवीच असेल तर सपाट रंगात शाईचा किंचित दाणा पुरे, तोही इतका फिका की दाखवल्याशिवाय दिसणार नाही.

## ९. कणा आणि मलपृष्ठ

दोन रंगांची हद्द नेमकी कण्याच्या घडीवर आणू नका. बांधणीत कव्हर १ ते १.५ मिमी सरकतं आणि मग मलपृष्ठाचा रंग कण्यावर तिरका डोकावतो. कण्याचा रंग पुढे-मागे दोन्हीकडे ओढून घ्या किंवा पूर्ण कव्हर एकाच रंगाचं ठेवा. कण्यावरच्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना किमान १.५ मिमी मोकळे असावेत.

सगळ्या कण्यांची प्रिंट काढून शेजारी शेजारी उभ्या करा. शीर्षकाची सुरुवात, लेखकाचं नाव आणि चिन्ह एका रेषेत आलं पाहिजे. कपाटात मालिका कण्यावरूनच ओळखली जाते.

मलपृष्ठावर ब्लर्ब (पुस्तकाची ओळख) १०० शब्दांच्या आसपास, ९ पॉइंटवर १२ पॉइंट लीडिंग, चौकट पुढच्याच समासाची. देवनागरी असेल तर अक्षर आणि लीडिंग दोन्ही वाढवा. बारकोडचं प्रमाण माप ३७.२९ बाय २५.९३ मिमी आहे आणि ते ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये. लाल किंवा नारिंगी पट्ट्यांचा बारकोड लाल प्रकाशाच्या स्कॅनरला दिसतच नाही. काळा किंवा गडद निळा ठेवा, मागे पांढरं किंवा क्रीम.

## १०. कागद, प्रूफ, फाईल

अनकोटेड (लेप नसलेलं) कार्ड या शैलीला शोभतं, पण त्यावर शाई मुरते, ठिपके फुगतात आणि रंग मंद होतात. म्हणून फाईलचं रंगांचं प्रोफाइल कागदानुसार निवडा: कोटेडसाठी फोग्रा ३९, अनकोटेडसाठी फोग्रा ५२, किंवा छापखाना देईल ते. चकचकीत कागदावरचा प्रूफ पाहून अनकोटेडची मंजुरी देऊ नका.

लॅमिनेशन नसेल आणि कण्यावर गडद शाई असेल तर घडीवर शाई फुटून पांढरी रेघ येते. कार्डाचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर आहे आणि घडीवर क्रीझिंग (आधी रेघ दाबून घेणं) होणार आहे, हे छापखान्याला लेखी विचारा. मॅट लॅमिनेशन घेतलं तर गडद रंगावर ओरखडे आणि बोटांचे ठसे उठतात. त्यासाठी अँटी-स्कफ प्रकार मागा.

फाईल पाठवण्याआधी शेवटची फेरी:

- मुखपृष्ठ १६० पिक्सेल उंचीला लहान करून पाहा. शीर्षक वाचता येतं का?
- पूर्ण करड्या रंगात पाहा. चित्र आणि पार्श्वभूमी वेगळी राहते का?
- न वापरलेले स्पॉट रंग फाईलमधून काढले का? एक विसरलेला रंग म्हणजे एक जास्तीची प्लेट.
- १ बिट टिफ १०० टक्के मापातच आहे का?
- कण्याचा आकडा डमीवरून घेतलेला आहे का, की अजून तिसऱ्या पायरीतल्या हिशोबाचाच?
- पीडीएफ बनवताना १ बिट चित्रांचं रिझोल्यूशन कमी करण्याचा पर्याय बंद केला का?

पीडीएफ गेली की छापखान्याकडून परत आलेली प्रूफ कापून, घडी घालून, त्याच जाडीच्या पुस्तकावर चढवा. सपाट कागदावर बरोबर बसलेलं शीर्षक, कणा वळल्यावर पुष्कळदा डावीकडे ओढलेलं दिसतं. तसं झालं तर चित्र आणि मजकूर दोन्ही मिळून २ मिमी उजवीकडे घ्या आणि दुसरी प्रूफ मागा.